दम लागलेली हार्ड डिस्क

माझा आवाज कपाटाच्या वरच्या खणात, जोडीदार हरवलेल्या एका लोकरी मोज्यात पडून होता. चेष्टा नाही करत. गळ्यातली गाठ काढताना डॉक्टरांनी माझं स्वरयंत्रही काढलं, आणि तेव्हापासून मी मानेच्या भोकातून श्वास घेते आणि हातातल्या पांढऱ्या पाटीवर लिहून बोलते. त्याआधी अर्धं आयुष्य मी एका संस्थेत दृष्टिहीन मुलांसाठी शाळेची पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करत होते. इतिहास, विज्ञान, भूमिती, काय म्हणाल ते. संस्था बंद पडली तेव्हा आमच्या ध्वनिमुद्रकानं, ज्याला आम्ही सगळे कानसेन म्हणायचो, माझं सगळं वाचन एका काळ्या हार्ड डिस्कवर भरलं आणि ती डबी माझ्या हातात ठेवली. "बाई, तुमचा ऐवज तुमच्याकडे," तो म्हणाला. मी ती मोज्यात कोंबली आणि विसरून गेले. तोंडानं बडबड सुरू होती तोवर आवाज जपून ठेवायचा असतो हे कुणाच्या डोक्यात येणार?

मग हॉस्पिटलच्या वाचा-विभागातल्या बाईंनी डोक्यात किडा सोडला. म्हणाल्या, छोटं यंत्र मिळतं, त्यावर टाइप केलं की ते बोलतं. आणि तुमचं जुनं स्वच्छ ध्वनिमुद्रण असेल तर ते तुमच्याच आवाजात बोलेल. फक्त शुक्रवारपर्यंत आणून द्या, कारण त्यानंतर आमचा हा प्रकल्प गुंडाळला जातोय. ध्वनिमुद्रण नसेल तर तयार आवाजांतला एखादा निवडा. त्यांनी एक ऐकवलाही. बँकेला फोन केला की "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे" असं सांगून ताटकळत ठेवणारी बाई असते ना, अगदी तीच. त्या गोडगोड बाईच्या आवाजात मी जावयाला "ओला टॉवेल पलंगावरून उचला" म्हणणार? त्यापेक्षा मुकी बरी.

घरी येताच लेकीनं मोजा उलटा केला. माझी लेक एका दवाखान्यात डॉक्टरांच्या वेळा सांभाळते, आणि घरातही तिला सगळं वेळेत, रांगेत आणि खोक्यात लागतं. ऑपरेशननंतर ती आणि जावई माझ्याकडे राहायला आले, तेव्हा तिनं आठवड्याभरात माझं घर असं आवरलं की मला माझी कात्री सापडेना. तिनं आवरून ठेवलेल्या तारांच्या खोक्यातली एक तार काढली, डबीला लावली, दुसरं टोक तिच्या लॅपटॉपला.

डबीवरचा निळा दिवा लागला. आतून घूंऽऽ असा आवाज आला, मग टिक, मग पुन्हा घूं, पुन्हा टिक. लॅपटॉपनं एकदा टुणकन आवाज केला, मग उतरत्या सुरात दुसरा केला आणि गप्प बसला. पडद्यावर काही नाही.

"दुसऱ्या भोकात घालून बघ," जावईबापू म्हणाले. ते इमारतींचे नकाशे काढतात, त्यामुळे घरातली कॉम्प्युटरची सगळी दुखणी आपोआप त्यांच्या गळ्यात.

दुसऱ्या भोकात घातली. घूं, टिक. लॅपटॉप बंद करून सुरू केला. घूं, टिक. जावईबापूंच्या लॅपटॉपला लावली, मग शेजारच्या शिक्षिकेचा जुना कॉम्प्युटर होता त्याला जाऊन लावली. तार बदलली, पुन्हा बदलली. कोणताही कॉम्प्युटर तिला ओळख द्यायला तयार नव्हता. सासरच्या माणसांनी लग्नात नवरीच्या मामाकडे बघावं तसे सगळे तिच्याकडे बघून न बघितल्यासारखं करत होते.

मी मधे मधे त्यांच्या पाठीमागे येरझाऱ्या घालत होते. बसवत नव्हतं. खुर्चीत टेकले की वाटायचं, आत्ता काहीतरी होईल आणि मी बसलेली असेन. तो घूं-टिक आवाज मी आधी कुठेतरी ऐकला होता. कुठे, ते काही केल्या आठवेना. मी पाटीवर लिहायला लागले, "हा आवाज मला ओळखीचा..."

"हो गं आई, तुझाच आवाज आहे त्यात," लेक खांद्यावरून वाचत म्हणाली, "म्हणून तर एवढी धडपड चाललीय." आणि पुन्हा पडद्याकडे वळली.

ही आमच्या घरची नवी रीत. मी दोन शब्द लिहिते, उरलेले ही मंडळी लिहितात. "मला च" एवढं लिहिलं की चहा येतो, मला चष्मा हवा असला तरी. सुरुवातीला मी हसायचे. आता अंगाचा नुसता तिळपापड होतो, आणि तिळपापड झालेल्या माणसाला ओरडताही येऊ नये यासारखी शिक्षा नाही. मी टेबलावर थाप मारली. जावईबापू दचकले आणि म्हणाले, "आई, तुम्ही जरा पडा ना, दमला असाल."

दुसऱ्या दिवशी सकाळी जावईबापूंच्या लॅपटॉपनं एकदाचा थोडासा भाव दिला. पडद्यावर एक चौकोन आला. मी चष्मा सावरून वाचला. ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल, करायची का? खाली दोन बटणं.

"आली, आली!" जावईबापू ओरडले. "काहीतरी विचारतेय. हो म्हणायचं ना?"

मला कॉम्प्युटरमधलं फारसं कळत नाही, पण कानसेनच्या शेजारी बसून बसून एवढं नक्की कळलं होतं की फॉरमॅट म्हणजे पाटी कोरी करणं. जावईबापूंचं बोट बटणाकडे निघालं होतं. लिहायला वेळ नव्हता. मी त्यांच्या हातावर फटका मारला, असा सणसणीत, की माझ्याच तळहाताला झिणझिण्या आल्या. जावयाच्या अंगावर हात टाकायची वेळ माझ्यावर आजवर आली नव्हती. ते बघतच राहिले. मी तार उपटून डबी पोटाशी धरली, आणि मानेच्या भोकातून माझा श्वास घरघर वाजत होता.

"अरे, फॉरमॅट केलं की सगळं पुसतं!" लेक आतून धावत येऊन म्हणाली. चला, एक वाक्य तरी बरोबर पूर्ण केलं.

"मला वाटलं, ओळख करून घ्यायची पद्धत असेल," जावईबापू हात चोळत म्हणाले. बिचारे मनानं वाईट नाहीत. पण जेवायची वेळ होईपर्यंत मी डबी हातातून खाली ठेवली नाही. एका बोटाचा प्रश्न होता. सगळी पुस्तकं, सगळी वर्षं, एका बोटानं गेली असती आणि शुक्रवारी मी त्या बँकेच्या बाईला घेऊन घरी आले असते.

तोवर मी स्वतःला सांगत होते की हा सगळा उपद्व्याप लेक-जावयाच्या समाधानासाठी आहे. पाटीवर माझं भागतंच आहे. पण हातात घट्ट धरलेल्या त्या डबीनं मला खरं काय ते सांगितलं. मला माझा आवाज परत हवा होता. जिवापाड हवा होता. दुसरा कोणताही चालणार नव्हता.

जेवणानंतर डबी टेबलावर नव्हती. मी मोज्यात बघितलं, खोक्यात बघितलं, उशीखाली बघितलं. जीव नुसता टांगणीला. शेवटी बर्फ काढायला फ्रीज उघडला तर मटारच्या पिशवीशेजारी, प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळलेली, माझी डबी.

"इंटरनेटवर वाचलं," जावईबापू खालच्या आवाजात म्हणाले. "काही लोकांची म्हणे चालू झाली. थंड केल्यावर."

मी कपाळावर हात मारून घेतला. आता थंड डबीला पाणी सुटणार म्हणून लेकीनं ती कोरड्या फडक्यात ठेवली, नवऱ्याला दोन शब्द सुनावले, आणि जाहीर केलं की उद्या सकाळी दुरुस्तीवाल्याकडे जायचं. उद्या म्हणजे शुक्रवार. तिनं वाचा-विभागातल्या बाईंना फोन लावला, संध्याकाळी विभाग बंद होईपर्यंत थांबायची विनवणी केली, मग दवाखान्यात फोन करून रजा घेतली, मग भांडी घासली, मग घासलेली भांडी पुन्हा घासली. मी तिच्याकडे बघत होते. घर आवरायची तिची सवय मला माहीत होती, पण हे आवरणं वेगळं होतं. क्षणभर हात रिकामे ठेवले तर काहीतरी निसटेल अशी ती वागत होती. मी विचारलं असतं. पण विचारायला मला पाटी लागते, आणि ती पाटीकडे बघेना.

दुरुस्तीचं दुकान दुसऱ्या मजल्यावर होतं, आणि लिफ्ट बंद. लेक पुढे टकाटक चढली. मी कठडा धरून मागे. ऑपरेशननंतर जिना मला झेपत नाही. चार पायऱ्या चढायच्या, थांबायचं, श्वास आत ओढायचा, तो पुरत नाही, पुन्हा ओढायचा. पहिल्या मजल्याच्या वळणावर मी भिंतीला टेकून उभी राहिले आणि माझाच श्वास ऐकू लागले. जोर धरायचा, अर्ध्यात तुटायचा, पुन्हा जोर धरायचा. आणि मला एकदम आठवलं तो घूं-टिक कुठे ऐकला होता ते.

संस्था बंद होताना, माझं वाचन डबीवर भरून झालं आणि तिथला कॉम्प्युटर बिघडला, म्हणून ते तपासायला कानसेननं कुणाचा तरी लॅपटॉप मागून आणला होता. त्याला ही डबी लावली तेव्हा ती अशीच करू लागली. माझे डोळे पांढरे व्हायची वेळ आली, पण तो शांतपणे म्हणाला, "काही झालेलं नाही हिला, दम लागलाय. एका भोकातून हिला पुरेशी वीज मिळत नाही." आणि त्यानं खिशातून एक तार काढली. एक टोक डबीला, आणि दुसऱ्या टोकाला दोन तोंडं. दोन्ही तोंडं दोन भोकांत घातली, आणि डबी संथ लयीत फिरायला लागली. ती दोन तोंडांची तार मोज्याबरोबर खणातच होती. म्हणजे लेकीनं आवरेपर्यंत होती. तारांना एकच तोंड असावं असं तिचं मत, त्यामुळे ही बिघडलेली समजून भंगारात गेली असणार.

मी उरलेला जिना कसा चढले देव जाणे. दुकानात पोचले तेव्हा डबी काउंटरवर होती आणि दुरुस्तीवाला, कपाळावर भिंग चढवलेला जाडसर माणूस, तिला कान लावून ऐकत होता. दुकानात पंखा, रेडिओ, मागे कुणी स्क्रू पिळतंय, आणि दोन गिऱ्हाईकं फोनच्या काचेवरून वाद घालत होती.

"टिकटिक करतेय," तो म्हणाला. "म्हणजे आतला वाचणारा भाग गेला असावा. उघडावी लागेल. पण ताई, आधीच सांगतो, आमच्याकडे तशी धूळ नसलेली खोली नाही. उघडल्यावर काय होईल याची खात्री देत नाही. मोठ्या ठिकाणी पाठवली तर काही आठवडे."

"आठवडे नाहीत हो आमच्याकडे. आज संध्याकाळपर्यंतच," लेक म्हणाली. तिचा आवाज चिरकला होता. "उघडा तुम्ही. करा काय करायचं ते."

त्यानं स्क्रू-ड्रायव्हर उचलला. मी काउंटरवर पाटी आपटली आणि लिहायला लागले. घाईत अक्षर म्हणजे कुत्र्याचे पाय मांजराला. "दुसरी तार..."

"तार बदलून पाहिली, आई. सगळ्या तारा बदलून पाहिल्या," लेक म्हणाली आणि माझा खांदा थोपटला. "तू बस इथे."

मी बसले नाही. मी खांद्यावरचा तिचा हात झटकला. ती रागावली नाही, नुसती बघत राहिली, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

"थांबा ताई," दुरुस्तीवाला म्हणाला. "काकू अजून लिहितायत."

तो स्क्रू-ड्रायव्हर हातात तसाच धरून थांबला. मला न ओळखणारा माणूस. माझ्या वाक्यात पुढे काय असेल याची त्याला काहीच कल्पना नव्हती, म्हणून तो वाचत राहिला, एकेक शब्द, पाटीवर उमटेल तसा. दुसरी तार होती, दोन तोंडांची. दोन ठिकाणी लावायची. एका ठिकाणची वीज हिला पुरत नाही. काही तुटलेलं नाही, दम लागलाय. उघडू नका. पाटी भरली, मी बाहीनं पुसून पुढे लिहिलं, आणि तो पुढेही वाचत राहिला.

"असं होय," तो म्हणाला. भिंग डोळ्यावर घेऊन त्यानं डबीच्या पाठीवरची बारीक अक्षरं पाहिली. "जुनी आहे खरी. वीज खाणारी. मीही आधी तपासायला हवं होतं." रेडिओ बंद करून त्यानं पुन्हा कान लावला. मग टेबलाखालून भिंतीच्या प्लगला जोडलेला एक डबा ओढून काढला, ज्याची वीज कॉम्प्युटरकडून नाही, थेट भिंतीतून येते. "तसली तार आता कुठली मिळायला. पण याच्यात लावून बघू."

लेक नखं खात होती. मला हातपाय कुठे ठेवावे कळेना.

त्यानं डबी लावली. घूंऽऽ. मी टिकची वाट बघत राहिले. घूंऽऽ चालूच. मग आवाज बारीक झाला, एकसारखा झाला, आणि तसाच राहिला. कॉम्प्युटर टुणकन वाजला, आणि पडद्यावर फोल्डरांची रांग उतरली. कानसेननं नावं दिलेली. इतिहास सहावी. भूगोल आठवी. विज्ञान सहावी.

"आली," दुरुस्तीवाला म्हणाला. "आता हात लावू नका कोणी. आधी सगळं दुसरीकडे उतरवून घेतो, दोन प्रती करतो." त्यानं ते सुरू केलं. पडद्यावर हिरवी पट्टी पुढे सरकायला लागली. लेकीनं वाचा-विभागात फोन केला, "मिळालं, हो, मिळालं, दुपारी आणतो," असं म्हणाली आणि फोन ठेवून लगेच पर्स आवरायला लागली. किल्ल्या एका कप्प्यात, रुमाल दुसऱ्यात.

"उतरलेल्यातली एखादी ऐकून बघू का? आत धड आहे की नाही कळेल," दुरुस्तीवाला म्हणाला आणि त्यानं एकावर टिचकी मारली.

"इयत्ता सहावी. सामान्य विज्ञान. पाठ पाचवा. पाणी."

मी होते ती. स्वच्छ, ठाम, जराशी शिष्टच. घशात ना खाकर, ना घाई. मला स्वतःचा हेवा वाटला, खरं सांगते. आणि रागही आला तिचा, किती निवांत वाचतेय म्हणून.

लेकीच्या हातातली पर्स काउंटरवर पडली. मग तिचा चेहरा असा गोळा झाला की ती पाच वर्षांची असल्यासारखी दिसली, आणि ती दुकानात, सगळ्यांच्या समोर, मोठ्यानं रडायला लागली.

"मला आठवतच नव्हता गं," ती म्हणाली. "तुझा आवाज. मी रोज आठवून बघायचे. तू मला हाक कशी मारायचीस, रागावून काय म्हणायचीस. शब्द यायचे, आवाज यायचा नाही. गेलाच होता माझ्याकडून. कुणाला सांगू? तुझं सगळं गेलंय आणि मी काय माझं रडगाणं गाऊ?"

मी तिला जवळ घेतलं. तिच्याशी बोलायला तोंड उघडलं. रडू नको, वेडे, असं म्हणायचं होतं. मानेतून नुसती हवा आली. आणि तिकडे काउंटरवर माझा आवाज पाण्याच्या तीन अवस्था समजावत होता, एका शब्दानं इकडे न वळता. त्या क्षणी मला जेवढं असहाय वाटलं तेवढं ऑपरेशनच्या टेबलावरही वाटलं नव्हतं.

दुरुस्तीवाला गडबडून बंद करायला निघाला. लेकीनं त्याचा हात धरला. "राहू द्या. प्लीज, राहू द्या."

फोनच्या काचेवाली गिऱ्हाईकंही काउंटरकडे सरकली. आम्ही दोघी काउंटरला टेकून उभ्या राहिलो आणि माझा पाठ ऐकला. वाफ, ढग, गारा, सगळं. तिचं डोकं माझ्या खांद्यावर होतं आणि तिचे हात पहिल्यांदाच काही करत नव्हते.

"स्वाध्याय," मी वाचलं. "एका शब्दात उत्तरे द्या. एक. पाणी गोठले की त्याचे काय होते?"

मग शांतता. स्वाध्यायात प्रत्येक प्रश्नानंतर मी थोडी जागा सोडत असे, ऐकणाऱ्या मुलाला उत्तर देता यावं म्हणून. आणि उत्तर सांगून झालं की दरवेळी एक शब्द पदरचा घालत असे. कानसेन कुरकुरायचा, "बाई, तो शब्द पुस्तकात नाही." मी म्हणायचे, नसू दे, पोरं उत्तर देतात आणि समोरून कुणी काहीच म्हणत नाही, हे बरं दिसत नाही.

शांतता चालू होती. लेकीनं नाक ओढलं, बाहीनं डोळे पुसले.

"बर्फ," ती म्हणाली.

"बर्फ. शाब्बास," मी म्हणाले.